कथा लिहून झाली, आता पाठवायची कुठे?

मराठीत कथा लिहू लागलेल्या माणसाला दोन-तीन कथा हातावेगळ्या झाल्या की एक प्रश्न पडतोच: ही छापायला कुणाकडे द्यायची? एके काळी या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं. ‘किर्लोस्कर’ १९२०मध्ये सुरू झालं, ‘सत्यकथा’ १९३३मध्ये, ‘मनोहर’ १९३४मध्ये, ‘हंस’ १९४६मध्ये. ही मासिकं होती, त्यामुळे त्यांना दर महिन्याला कथा लागायच्या. एकीकडून परत आली की पाकिटावर दुसरा पत्ता घालायचा. १९८२मध्ये ‘सत्यकथा’ थांबलं. पुढच्या काळात बाकीची मासिकंही एकेक करून मिटली, किंवा ‘हंस’, ‘नवल’, ‘मोहिनी’सारखी दिवाळीपुरती उरली.

हे का झालं ते नव्या लेखकाने समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर बेतायचं आहे. संध्याकाळचा वाचनाचा वेळ आधी टीव्हीने घेतला, मग मोबाइलने. कागद आणि टपाल महागलं. आणि मुख्य म्हणजे मासिकाचा खर्च वर्गणीतून कधीच पुरा निघत नव्हता, तो जाहिरातींतून निघायचा. आज बँका, बिल्डर, सराफ, मसालेवाले साहित्यिक अंकाला जाहिरात देतात ती एकदाच, दिवाळीत. म्हणून अंकही एकदाच निघतो. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा तो वर्षभराच्या अंकांमधला एक खास अंक होता. आता बहुतेक ठिकाणी वर्षभराचे अंक गेले आणि खास अंक तेवढा राहिला.

याचा सरळ अर्थ असा की कथाकाराचं वर्ष आता एका हंगामाचं झालं आहे. तो हंगाम चुकला की पुढची संधी बारा महिन्यांनी. मी एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथांचं पहिलं वाचन करते आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये चांगल्या कथा येऊन पडताना पाहते. तोवर अंक अक्षरजुळणीला गेलेला असतो. त्या कथांना ‘उशीर झाला’ एवढंच उत्तर मिळतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, कथाच नापसंत झाली. हा लेख मुख्यतः त्या लोकांसाठी आहे.

आधी अंक वाचा, मग पाठवा

हे सगळेच सांगतात, पण कसं करायचं ते कुणी सांगत नाही. दिवाळी अंक आता स्वस्त राहिलेले नाहीत, दहा अंक विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. त्यासाठी गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते: ठरावीक रक्कम भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे. मुंबई-ठाण्याकडे असाल तर १८९३चं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा १८९८चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. गावचं छोटं वाचनालयही चालेल, तिथे उलट अंक हातात लवकर पडतो.

वाचताना वही जवळ ठेवा. अंकाचं नाव, संपादकाचं नाव, साहित्य पाठवण्याचा पत्ता किंवा ईमेल लिहून घ्या. त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं: अंकात एकूण कथा किती, त्यांतली नावं तुम्हाला ओळखीची किती आणि अनोळखी किती. दहापैकी दहा कथा नावाजलेल्या लेखकांच्या असतील, तर तो अंक मागवलेल्या साहित्यावर चालतो. तिथे न मागता पाठवलेली कथा वाचली जाण्याची शक्यता कमी. दहात तीन नावं नवी दिसली, तर तिथे कुणीतरी आलेली पाकिटं उघडून वाचतं आहे. नव्या लेखकाची जागा तिथे आहे. कथेची लांबीही मोजा. एका पानावरचे शब्द मोजून पानांनी गुणलं की अंदाज येतो. छापील अंकांत मला सहसा अडीच ते साडेचार हजार शब्दांच्या कथा दिसतात. त्यापलीकडे गेलं की ती दीर्घकथा, आणि दीर्घकथेची एखाद-दुसरी जागा बहुधा आधीच कुणाला तरी दिलेली असते.

अंकांच्या प्रकृती वेगळ्या आहेत. ‘आवाज’ १९५१पासून विनोदासाठी ओळखला जातो. ‘धनंजय’ रहस्य, गूढ आणि भयकथांसाठी. ‘नवल’मध्ये अद्‌भुत आणि विज्ञानाकडे झुकणारं लेखन चालतं. ‘मौज’ वाङ्मयीन कथेचा. लोकमतच्या ‘दीपोत्सव’सारख्या वृत्तपत्रांच्या जाडजूड अंकांचा भर रिपोर्ताज, मुलाखती आणि लेखांवर असतो, कथा मोजक्या आणि बहुतेक मागवलेल्या. यांशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्याच्या गावीसुद्धा अंक निघतात. त्यांचं नाव मोठं नसतं, खप थोडा असतो, पण संपादक स्वतः वाचतो आणि फोन उचलतो. पहिल्या दोन-तीन कथांसाठी मी नेहमी हेच अंक सुचवते. तुमच्या भागातल्या संपादकाला तुमची बोली परकी वाटत नाही, हा त्यातला मोठा फायदा. वऱ्हाडीत किंवा मालवणीत लिहिलेल्या कथेचे संवाद ‘प्रमाण’ करून मागणारे संपादक आजही भेटतात. नागपूरचा किंवा कणकवलीचा माणूस ते करणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्चमध्ये संपादकांच्या डोक्यात अंक सुरू होतो. मोठे अंक याच सुमारास निमंत्रित लेखकांना पत्रं धाडतात. एप्रिल ते जून हा बाहेरून आलेल्या कथांचा काळ. जुलैमध्ये निवड होते. ऑगस्टमध्ये अक्षरजुळणी, चित्रं, मुद्रितं (म्हणजे प्रूफं). सप्टेंबरात छपाई, आणि दसऱ्याच्या आगेमागे अंक बाजारात.

अधिक मास आला की दिवाळी नोव्हेंबरात सरकते, पण त्या भरवशावर राहू नका. छापखाने, चित्रकार, जाहिरातदार सगळे आपापल्या तारखा धरून चालतात, आणि अंक लवकर तयार झाला तर कुठल्याच संपादकाला दुःख होत नाही. माझा सल्ला: कथा मे अखेर पाठवून मोकळं व्हा. याचा अर्थ असा की ती जानेवारीपर्यंत लिहून झालेली हवी, म्हणजे दोन महिने बाजूला ठेवून पुन्हा वाचायला वेळ राहतो. जो माणूस मेमध्ये लिहायला बसतो तो पहिला खर्डा पाठवतो. वाचणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळतं.

हस्तलिखित म्हणजे आता फाइल

बहुतेक ठिकाणी ईमेलने कथा घेतात. युनिकोडमध्ये टाइप करा. मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डने लिहिलेलंही युनिकोडच असतं, त्याला हरकत नाही. फक्त व्हॉट्सअॅपच्या खिडकीत तुकड्यातुकड्याने कथा चिकटवू नका. जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर कचरा होऊन उघडते, म्हणून वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, अशा दोन्ही जोडा. वर्डची त्यांना जुळणीसाठी लागते. पीडीएफमुळे तुम्ही जोडाक्षरं कशी लिहिली होती ते त्यांना दिसतं. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. प्रत्येक पानावर पृष्ठक्रमांक. फुलांच्या चौकटी, रंगीत अक्षरं, स्वतः जोडलेली चित्रं नकोत.

शुद्धलेखनाबद्दल दोन शब्द. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये मान्य झाले, १९७२मध्ये त्यांत भर पडली, आणि एकूण नियम अवघे १८ आहेत. एका दुपारी वाचून होतात. कथेतली पात्रं कशीही बोलोत, ते त्यांचं बोलणं आहे. पण निवेदनात ‘आणी’, ‘परंतू’, ‘पाणि’ दिसलं की वाचणाऱ्याचा विश्वास डळमळतो. एखाद-दुसरी चूक कुणी धरत नाही. दर ओळीला चूक असेल तर मुद्रितशोधनाचं काम वाढतं, आणि दोन सारख्या वजनाच्या कथांमधून संपादक कमी कामाची निवडतो.

काही ठिकाणी अजून टपालाने कथा मागवतात. तिथे पाठवताना लक्षात घ्या की रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे पावती हवी तर स्पीड पोस्टच. छापील अंक मागवणाऱ्यांनाही आता टपाल महाग पडतं, कारण रजिस्टर्ड बुकपोस्टची सवलतीची सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. तुम्हाला लेखकाची प्रत पोचायला उशीर झाला, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

सोबतचं पत्र लहान ठेवा. साधारण असं:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या दिवाळी अंकासाठी “अमुक” ही माझी कथा सोबत पाठवत आहे. शब्दसंख्या ३२००. कथा स्वतंत्र असून यापूर्वी छापील वा ऑनलाइन कुठेही प्रकाशित झालेली नाही आणि सध्या अन्य कोणाकडे पाठवलेली नाही. गेल्या वर्षीच्या आपल्या अंकातल्या कथा वाचल्या आहेत. स्वीकृती अथवा नकार ३१ जुलैपर्यंत कळवावा, ही विनंती. त्यानंतर मी कथा अन्यत्र पाठवण्यास मोकळी आहे असे समजेन. कळावे.’

पुरे. कथेचा सारांश नको, कथेमागची प्रेरणा नको, ‘माझ्या मैत्रिणींना फार आवडली’ तर मुळीच नको. पूर्वी काही छापून आलं असेल तर एका ओळीत सांगा. नसेल तर त्याबद्दल गप्प बसा. ‘मी नवोदित आहे, सांभाळून घ्यावे’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. त्याने काही बिघडत नाही, पण घडतही नाही.

पत्रातली शेवटची दोन वाक्यं मात्र गाळू नका. मराठीत एक कथा एका वेळी एकाच अंकाकडे, हा संकेत पाळला जातो, आणि तो तुम्हीही पाळा. एकाच दिवाळीत एकच कथा दोन अंकांत आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतात, वर्षानुवर्षं. पण हा संकेत लेखकाला महाग पडतो, कारण बरेच संपादक नकार कळवतच नाहीत. म्हणून मुदत तुम्ही घाला. महिन्याभराने ‘कथा पोचली का’ एवढं विचारणारं एक ईमेल चालतं. जुलैत एक स्मरणपत्र चालतं. ऑगस्टमध्ये फोन करू नका. त्या दिवसांत संपादक जाहिरातीचे ब्लॉक आणि छापखान्याच्या मागे असतो, आणि त्याच्या तोंडून जे निघेल ते तुमच्या कथेविषयीचं मत नसेल.

पैसा आणि हक्क

मानधनाबद्दल स्पष्ट बोलते. काही अंक वेळेवर आणि बरं मानधन देतात, काही नाममात्र देतात, बरेचसे अंकाची एक प्रत देतात, आणि थोडे तीही देत नाहीत. कथा स्वीकारल्याचं कळलं की मानधन आहे का आणि कधी, हे विचारण्यात काहीच गैर नाही. ‘साहित्यसेवा’ या शब्दाआड लेखकाचा मोबदला दडपण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. चित्रकाराला, छापखान्याला, कागदवाल्याला पैसे द्यावे लागतात, लेखकालाच तेवढे द्यावे लागत नाहीत, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. छोट्या अंकाला खरोखर परवडत नसेल तर तसं त्यांनी आधी सांगावं आणि तुम्ही जाणून होकार द्यावा. मीही असे होकार दिले आहेत आणि पुढेही देईन.

उलट दिशेने पैसे कधीच जाऊ देऊ नका. ‘प्रातिनिधिक कथासंग्रहासाठी निवड झाली आहे, सहभाग शुल्क अमुक’, ‘पुरस्कारासाठी नोंदणी शुल्क’, ‘किमान दहा प्रती घ्याव्या लागतील, सोबत सन्मानपत्र’ अशा निरोपांचा सुळसुळाट झाला आहे. मासिकं आटली आणि छापून येण्याची भूक तशीच राहिली, त्या फटीत हा धंदा उभा आहे. तिथे निवड होत नाही, नोंदणी होते. त्या पैशात चांगले अंक विकत घ्या.

आता हक्क. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सोडून देतात, आणि पाच वर्षांनी कुणी लघुपटासाठी कथा मागितली की धावपळ करतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहून झाली की तिचा हक्क तुमचा असतो, नोंदणी करावी लागत नाही. तो तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. नियतकालिकाच्या पगारी नोकरीत राहून त्याच्यासाठी लिहिलंत तर गोष्ट वेगळी. एरवी अंकात कथा छापली म्हणून अंकाच्या मालकाकडे हक्क जात नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. अशा करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नाही, तर तो तुमच्याकडे परत येतो. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट केली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचे हक्क त्या करारात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय धरता येत नाहीत.

व्यवहारात याचा उपयोग असा. स्वीकृती आली की उत्तरात एक ओळ लिहा: ‘ही कथा आपल्या अमुक वर्षाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यास माझी संमती आहे.’ अंकाची ई-आवृत्ती निघणार असेल तर तिचाही उल्लेख करा. ऑडिओ, चित्रपट, वेबमालिका, अनुवाद आणि पुढे तुमचा संग्रह, हे सगळं तुमच्याकडे राहू द्या. कुणी छापील नमुना पाठवून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं लिहून घेत असेल तर ती ओळ खोडून सही करा आणि तसं कळवा. मी पाहिलं आहे, बहुतेक वेळा कुणी हरकत घेत नाही. तो नमुना कुठून तरी उतरवून घेतलेला असतो, एवढंच.

दिवाळीबाहेरच्या जागा

थोड्या आहेत, पण आहेत. ‘अनुष्टुभ्’ आणि ‘मुक्त शब्द’ ही वाङ्मयीन नियतकालिकं. साहित्य संस्थांची आपापली मुखपत्रं: विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, पुण्याची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’. यांत समीक्षेचा वाटा मोठा असतो. साने गुरुजींनी १९४८मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ हे वैचारिक साप्ताहिक, पण त्याच्या बालकुमार आणि युवा दिवाळी अंकांवरही लक्ष ठेवा. कुठेही पाठवण्याआधी शेवटचा अंक कधी निघाला ते पाहा. जोडअंक निघू लागले, मग वर्षात दोनच अंक आले, की तिथे अडचण चालू आहे असं समजा आणि आधी फोन करून विचारा.

मुलांसाठी लिहिणार असाल तर बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून चालू असलेलं मासिक आहे. मासिक म्हणजे खरोखर दर महिन्याचं. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिले आहेत, ते आधी वाचा. मुलांची कथा मोठ्यांच्या कथेपेक्षा सोपी, असं समजून पाठवलेली कथा लगेच ओळखू येते.

आकाशवाणीचा विसर पडू देऊ नका. सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरीसारख्या केंद्रांच्या टापूत राहत असाल तर कार्यक्रम विभागात जाऊन कथावाचनाबद्दल विचारा, तरुण असाल तर ‘युववाणी’बद्दल. कानाने ऐकायची कथा लिहिताना वाक्यं आपोआप उतरतात, लांबण गळून पडते.

स्पर्धांचं मोल एका कारणासाठी जास्त आहे: चांगल्या स्पर्धेत परीक्षकापुढे नाव जात नाही. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. नाव असलेल्या माणसाला नाव बाजूला ठेवून जोखून घ्यावंसं वाटलं. ज्याला अजून नाव नाही, त्याला तर अशी स्पर्धा म्हणजे बरोबरीची जागा. मात्र नियमपत्रकात विजेत्या नसलेल्या कथांचेही हक्क मागितले आहेत का, ते वाचा.

ऑनलाइन जागा भरपूर आहेत. मायबोली १९९६पासून आहे, पुढे मिसळपाव आणि ऐसी अक्षरे आली, आणि त्यांनी दिवाळी अंकही काढले. प्रतिलिपी या अॅपवर वाचकांची संख्या मोठी, पण तिथे भागाभागांनी चालणारी, प्रत्येक भागाच्या शेवटी ताणून धरणारी कथा जास्त वाचली जाते. ज्याची कथा तीन हजार शब्दांत एकसंध उभी राहणारी आहे, त्याला तिथे चुकल्यासारखं वाटेल. ऑडिओ कंपन्या मराठीत आल्या आहेत, पण त्यांना लांब मालिका हव्या असतात. या सगळ्यांत एक नियम डोक्यात पक्का ठेवा: ब्लॉगवर, फेसबुकवर किंवा कुठल्याही अॅपवर टाकलेली कथा ‘प्रकाशित’ धरली जाते. ती नंतर काढून टाकली तरी. छापील अंकाकडे पाठवायची कथा आधी कुठेच टाकू नका. दोन वेगळ्या वह्या करा, एक अंकांसाठी आणि एक पडद्यासाठी.

परत येणारी कथा

मासिकांबरोबर पानं गेली याचं मला दुःख आहेच. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या काळात ‘सत्यकथे’कडे पाठवलेली कथा परत यायची ती पत्र घेऊन: इथे सैल झाली आहे, हे पात्र कशाला, शेवट पुन्हा पाहा. लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. त्या दबदब्याचा लोकांना रागही आला. १९६९मध्ये अनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे जमेल तेव्हा छोटे बंडखोर अंक काढणाऱ्या लेखकांनी, ‘सत्यकथा’चा अंक जाहीरपणे जाळला. पण जाळावा इतकं त्या अंकाला वजन होतं. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाचा संपादक, त्याची इच्छा असली तरी, तीनशे पानं जमवताना असं पत्र लिहू शकत नाही. तो घेतो किंवा सोडतो. नव्या कथाकाराला आज छापायला जागा कशीबशी मिळते, पण कथा सुधारून घेणारं कुणी मिळत नाही. आणि न सुधारता छापलेल्या पाच कथांपेक्षा सुधारून परत लिहिलेली एक कथा माणसाला जास्त शिकवते.

म्हणून हे काम आपणच उभं करायला हवं. चार-पाच जणांचा गट जमवा. सगळे लिहिणारेच हवेत असं नाही, कसून वाचणारा एखादा हवाच हवा. महिन्यातून एक बैठक, एका वेळी एकच कथा, आणि कथा आठवडाभर आधी सगळ्यांकडे. लेखकाने त्या दिवशी बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. हे अवघड जातं, पण त्याशिवाय बैठक म्हणजे कथेचा बचाव होऊन बसते. ‘छान’, ‘भिडली’, ‘अंगावर काटा आला’ हे शब्द त्या खोलीबाहेर ठेवा. त्याऐवजी विचारा: कुठल्या पानावर लक्ष उडालं? कुणाचं बोलणं त्याचं वाटत नाही? पहिला परिच्छेद काढून टाकला तर काय बिघडतं? माझ्याकडे येणाऱ्या कथांपैकी खूप कथांचा पहिला परिच्छेद काढला तरी काही बिघडत नाही. पाऊस पडत असतो, कुणीतरी खिडकीत उभं असतं, आणि कथा पुढच्या पानावर सुरू होते. शेवटही तसाच तपासा. शेवटच्या चार ओळींत लेखक कथेचा अर्थ सांगायला येतो आहे का?

पुण्या-मुंबईबाहेर किंवा परदेशात असाल आणि माणसं जमत नसतील, तर हीच बैठक फोनवर किंवा व्हिडिओवर होते. फक्त वेळ ठरलेली हवी आणि कथा आधी वाचलेली हवी.

नोंदवही, आणि पुढे संग्रह

प्रत्येक कथेचं एक पान: कधी लिहिली, किती शब्द, कुणाकडे कधी पाठवली, उत्तर काय आलं, कुठे छापली, मानधन मिळालं का, कोणते हक्क दिले. छापलेल्या पानांचं कात्रण आणि अंकाचं मुखपृष्ठ स्कॅन करून ठेवा. बरेच अंक बंद पडतात आणि त्यांची प्रत पुढे कुठेच सापडत नाही.

दहा-बारा कथा झाल्या की संग्रहाचा विचार येतो. कथासंग्रहाला प्रकाशक नाखूश असतात, कादंबरी मागतात, आणि नव्या लेखकाकडे पैसेही मागतात. पैसे भरण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. ती ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठीच आहे, आणि कथासंग्रह त्यात बसतो. हस्तलिखित मुदतीत द्यावं लागतं, तपासणीला वेळ लागतो. त्या अर्जाच्या वेळी वर सांगितलेली नोंदवही उपयोगी पडते. स्वतः पुस्तक काढलंत तर आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी कुणाला पैसे देऊ नका, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो.

आणि गट टिकला, वर्षभर बैठका झाल्या, हाताशी पाच-सहा पक्क्या कथा आल्या, तर अंक काढण्याचाही विचार करा. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ ही अनियतकालिकं तुटपुंज्या पैशांत निघाली आणि मराठी साहित्याची दिशा हलवून गेली. आज पीडीएफचा अंक काढायला त्याहूनही कमी खर्च येतो. छापील आणि ठरावीक अंतराने निघणारं काही काढायचं असेल तर १ मार्च २०२४पासून लागू झालेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्याचे नियम आधी वाचून घ्या. अर्ज आता ऑनलाइन होतो. पहिल्या अंकात गटातल्या सगळ्यांच्या कथा घालण्याचा मोह होईल. त्यातल्या निम्म्याच घ्या, उरलेल्या जागेसाठी बाहेरून मागवा, आणि ज्या कथा परत पाठवाल त्यांच्यासोबत का परत केल्या ते दोन ओळींत लिहून पाठवा.